संताजीचा डबा आणि फुटलेलं चाक

संताजी लांभाते तापट होता असं लोक म्हणत. तापट कसला, मारकुटा होता! आजा होळकरांच्या घोडदळात होता, आणि नातवाने ते घोडदळ अंगात जपलं होतं. मालकाच्या मेव्हण्याला त्याने कॅन्टीनमध्ये स्टुलाने झोडपलं, तरी नोकरी टिकली. इलेक्ट्रॉनिक्सचं काम त्याच्यासारखं करणारा दुसरा माणूस त्या कारखान्याला इंदुरात मिळत नव्हता.

साल सत्त्याहत्तर. वीजघरांसाठी लागणारे अवाढव्य पंखे तिथे बनत. प्रत्येक पंख्याचं चाक खड्ड्यात ठेवून, नेहमीच्या वेगाच्याही वर फिरवून पारखत. चाकाच्या थरथरीचा आकडा संताजीने बनवलेला डबा काढायचा आणि आकडा हद्दीबाहेर गेला की मोटरची वीज तोडून ब्रेक मारायचा.

मार्चमध्ये डबा गप्प राहिला आणि चाक फुटलं. पोलादी पातं भिंतीवरून उडालं आणि लक्ष्मण फिटरचा डावा हात मनगटापासून उडवून गेलं. रेतीत पडलेल्या त्या मुठीत पाना तसाच होता.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मणच्या भाऊबंदांनी संताजीला गेटवर सायकलच्या चेनने फोडून काढलं. त्याचे दात पडले. त्यानेही एकाचं नाक चेचलं.

मॅनेजर चिंतामणरावांनी मात्र खुर्चीतूनच निकाल लावला. "डबा ठीक आहे, लांभाते. लक्ष्मण धोक्याच्या पिवळ्या रेषेच्या आत उभा होता. तसं लिहून द्या, त्याची छुट्टी करतो."

"आत? तो भिंतीमागे होता. पातं भिंतीवरून आलं ना, साहेब!"

"सुदामा नगरात घर बांधताय म्हणे. नोकरी नको का?"

संताजी रक्त थुंकला आणि डबा उघडून बसला.

डब्याची रीत किराण्याच्या तराजूची. आधी मोठं वजन टाकायचं, जड झालं तर काढायचं, मग त्याच्या निम्मं टाकून बघायचं. दर वेळी पारडं ठरेपर्यंत थांबायलाच हवं. इथे वजनाच्या जागी व्होल्टेज. खालच्या खणातलं कार्ड अंदाजाचं व्होल्टेज तयार करी आणि ते एका तारेने वरच्या खणात थरथरीच्या व्होल्टेजशी तुलनेसाठी परत जाई. चाकं वेगवान झाली तशी मोजणीही जलद हवी म्हणून चिंतामणरावांनी जानेवारीत घाई केली, आणि संताजीने वेग वाढवून दिला. कागदावर सगळं बसत होतं.

बसत नव्हती ती तार. संताजीची वायरिंग म्हणजे कवायतीची फौज. सगळ्या तारा सरळ, काटकोनात वळलेल्या, मेणाच्या दोऱ्याने आवळलेल्या. पाहुणे इंजिनिअर तिचे फोटो काढून नेत. त्या सुबक जुडग्यातून वळसा घालून येणाऱ्या तारेत व्होल्टेज भरायला वेळ लागे. पारडं ठरायच्या आत पुढचं वजन पडे. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर त्याला ते धडधडीत दिसलं: रेघ अजून चढतेच आहे आणि निर्णय केव्हाच होऊन गेलेला. आकडा खोटा, आणि वर खऱ्यापेक्षा कमी!

त्याने चाकू घेतला आणि ते जुडगं कोंबडी सोलावी तसं फाडलं. दोन्ही कार्डं पाठीला पाठ लावून ठोकली. मधे नखाएवढी तार. मोठ्या फरकाने तुलनेचं सर्किट गुदमरू नये म्हणून चपळ डायोड जोडले. यात दोन आठवडे गेले. डबा आता चिमणीच्या घरट्यासारखा दिसत होता.

"ते बाद काढलेलं, तडा गेलेलं चाक चढवा," तो म्हणाला. "आणि लक्ष्मणला बोलवा."

"पागल झालात?" चिंतामणराव दारात आडवे आले.

"बाजूला व्हा, नाहीतर तुम्हालाच खड्ड्यात टाकीन."

ते बाजूला झाले.

सगळे जाड भिंतीमागे उभे राहिले. चाक गुरगुरलं, मग किंचाळू लागलं. जमीन हादरली. आकडा एकदम उसळला, वीज तोडणारा रिले कडाडला, ब्रेकने पोलाद चावलं. ठिणग्या उडाल्या, जळका वास घशात शिरला आणि चाक अख्खंच्या अख्खं थांबलं.

लक्ष्मणचा थोटा हात गळ्यात बांधलेला. तो संताजीसमोर आला.

"म्हणजे त्या दिवशी पण थांबलं असतं?"

"थांबलं असतं. तार लांब होती. मीच बांधली होती."

लक्ष्मणने उजव्या हाताने त्याच्या तोंडावर असा ठोसा हाणला की संताजी पॅनेलवर आदळला. जुन्या जखमा फुटल्या. उठताना त्याच्या मुठी आवळल्या आणि पुन्हा सुटल्या.

"चिंतामणराव, लिहा," तो रक्त पुसत म्हणाला. "डब्याला उशीर झाला. लक्ष्मण रेषेच्या बाहेर होता. खाली माझी सही."

चिंतामणरावांनी पेन काढलं.

"नीट लिहू दे त्यांना, भिया," लक्ष्मण मूठ आवळत संताजीला म्हणाला. "माझं अजून झालं नाही."