शेजारणीचं स्पॅनिश गाणं

१८ जानेवारी, शनिवार. हळदीकुंकू तीन वाजता, आणि साडेअकरा झाले तरी पंचवीस गाळण्या पिशव्यांत भरायच्या होत्या. यंदा वाण म्हणून चहाच्या गाळण्या. रोज लागणारी वस्तू द्यावी, असं माझं मत.

सासूबाई वर खोलीत होत्या. एप्रिलमध्ये सासरे गेले, तेव्हापासून त्या जेवायला खाली येत आणि ताट धुऊन परत जात. सकाळी मी म्हटलं होतं, "आई, आज खाली बसा. इथे लंडनमध्ये, पिनरला कोण बघतंय?"

"मी बघते ना," त्या म्हणाल्या.

सासरे गेल्यावर त्यांनी कुंकू सोडलं आणि बांगड्या काढल्या, तेव्हा त्या बांगड्या बिस्किटांच्या डब्यात घालून लॉफ्टमध्ये मीच ठेवल्या होत्या. मला ते आवराआवरीचं काम वाटलं होतं.

पिशव्या भरायला शेजारीण आली. ती कोलंबियाची, तिचा नवरा पाच वर्षांपूर्वी वारला. तिने फोनवर एक स्पॅनिश गाणं लावलं. गिटार आणि पुरुषाचा आवाज. गाणं निम्म्यावर आलं तेव्हा जिना वाजला. सासूबाई शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या.

"काय म्हणतोय गं तो?"

मी शेजारणीला विचारून सांगितलं, "म्हणतोय, मी मोडून पडलो होतो. तू काही विचारलं नाहीस, नुसती जवळ बसलीस. आता जखमेवर हात ठेवला तरी दुखत नाही."

"आणि ती गेली की?"

हा प्रश्न मी गाळणार होते, पण त्या वाट बघत थांबल्या. विचारला.

शेजारणीने पिशवी खाली ठेवली. नवरा भांडी घासताना हेच गायचा. तो गेल्यावर दोन वर्षं दुकानात हे गाणं लागलं की ती बाहेर पडायची. मग एक दिवस तिने सिंकपाशी ते स्वतःच लावलं. शेवटपर्यंत रडली आणि भांडी घासून टाकली.

"गाणं त्याचंच आहे," ती म्हणाली, "पण आता मला ते पूर्ण ऐकता येतं."

मी मराठीत सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, "गळा कसा होता त्याचा?"

"भयंकर!"

"ह्यांचाही," म्हणाल्या आणि हसल्या. नऊ महिन्यांनी.

"परत लाव," म्हणून त्या खुर्ची ओढून आमच्यात बसल्या. गाण्याने माणूस बरा होतो यावर माझा विश्वास नव्हता, पॅरासिटामॉलवर होता. आणि इथे एकही शब्द न कळणारी बाई डोळे मिटून ऐकत होती, हात मात्र बिनचूक गाळण्या भरत होते.

गाणं संपलं तसा शेजारणीने करंडा उघडला. दर वर्षी काम झालं की ती मला कुंकू लावते. कुणाला लावायचं नाही, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. मला लावून ती सासूबाईंकडे वळली. "अगं, थांब—" म्हणेपर्यंत बोट टेकलं होतं.

सासूबाईंचा हात कपाळाकडे गेला. आता पुसणार, असं वाटलं. तो हात खाली आला, करंड्यात गेला आणि शेजारणीच्या कपाळावर कुंकू लावून थांबला.

"अशी काय उभी राहिलीस?" त्या मला म्हणाल्या. "तिळगूळ काढ, बायका येतील."

दुपारभर त्या पुढच्या खोलीत सगळ्यांत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॉफ्टची शिडी ओढली, बिस्किटांचा डबा खाली आणला, धूळ पुसली आणि त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला.