बेंबीजवळचा ठोका

आमच्या घरी दुखणं म्हणजे कामाचा खोळंबा. चिखलीजवळ थोडी जमीन, वांगी-मिरचीवर घर चालायचं. आई-बाबा अंगात ताप असला तरी बाजार चुकवायचे नाहीत. पोट दुखलं की बेंबी सरकली म्हणायचं आणि गल्लीतल्या काकूंकडून तेल लावून दाबून घ्यायचं. दवाखाना सगळ्यात शेवटी.

त्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. बीएस्सी झाले. अभिमानानं सांगते, त्यात लाजायचं काय?

मागच्या वर्षी बाबांच्या बेंबीच्या वर ठोका उडायला लागला. हात ठेवला की आतून कोणी ढकलावं तसा. मी हट्टानं सोनोग्राफी करून आणली. डॉक्टर म्हणाले, ॲन्युरिझम आहे, पोट दाबू नका, ऑपरेशन लवकर करा. येताना बसमध्येच मी फोनवर त्या शब्दाचं मूळ शोधलं. अर्थ कळल्याशिवाय मला शब्द पचत नाही.

घरी आलो तर काकू तेलाची वाटी घेऊन बसलेल्या.

“काकू, हात नका लावू.”

“काऊन? लहानपणी तुलेबी दाबलं होतं म्या. मंगच तं कॉलेजात गेली तू.”

बाबा हसले. “इंग्रजी नाव ठेवलं की रोग मोठा होते. मले नाही कापून घ्या लागत.”

“इंग्रजी नाही बाबा, ग्रीक हाये. तिकडच्या जुन्या वैद्यांनी ठेवलेलं नाव. रुंद होणं, फाकणं, एवढाच अर्थ. मराठीत धमनीविस्फार म्हणतात.”

“हे तं त्याहून अवघड.”

मग मी आमच्या शेतातल्या ठिबकाचं उदाहरण घेतलं. “ड्रिपची नळी एका जागी पातळ झाली तं?”

“फुगते.”

“फुगली जागा अंगठ्यानं दाबता का?”

“दाबली तं फुटन ना.”

“मंग काय करता?”

“तेवढा तुकडा काढून जोड लावतो.” बोलता बोलता त्यांचा हात पोटावर गेला आणि तिथेच थांबला. “ही नळी रक्ताची?”

“हो. सगळ्यात मोठी.”

काकूंनी वाटी खाली ठेवली. “मले वाटलं बेंबीच सरकली. घेऊन जाय त्याले. मिरची तोडाले मी येतो.”

दुसऱ्या दिवशी बाबा स्वतःच पिशवी भरून तयार होते. संभाजीनगरला ऑपरेशन झालं. फुगलेल्या जागी डॉक्टरांनी नवी नळी बसवली. बाबा वाचले.