येतेरचा पाहुणा

“काय रे दुरसून, माझा पाहुणा पळवलास म्हणे?”

सकाळचे सहा वाजले होते. मी मिनीबसची काच पुसत होतो आणि येतेर माझ्या दारात उभी होती. डोक्याचा रुमाल मानेमागे घट्ट बांधलेला, पायात मेलेल्या नवऱ्याचे रबरी बूट आणि हातात फावडं. फावडं तिनं पाटाचं पाणी वळवायला घेतलं होतं, पण त्या घडीला मला तसं वाटलं नाही.

“मी कशाला पळवू, आक्का? बेकीर म्हणाला मान आमच्या घराचा, म्हणून गुलिझारनं परात भरली आणि मी नेली.”

“बेकीर म्हणाला आणि तू मुंडी हलवलीस. तुझ्यापेक्षा बैल बरा, तो निदान माशी बसली की तरी शेपूट झाडतो.”

एवढं बोलून ती पाटाकडे चालती झाली. आतून गुलिझार, म्हणजे माझी बायको, म्हणाली, “खोटं काय बोलली?” मी गाडी सुरू केली. शहराला जायला उशीर होत होता, असं मी स्वतःला सांगितलं.

आमच्या ताशोलुकमध्ये पाहुणा एका घराचा नसतो, गावाचा असतो. तो गावाच्या बैठकीत उतरतो, तिथेच झोपतो, आणि ज्या घराचा मान असेल त्या घरून त्याच्यासाठी परात येते. मान कुणाचा ते भिंतीवरची फळी सांगते. फळीवर घरटी एक खिळा आणि एक पितळी कडी. पाहुणा निघून गेला की मुख्तार, म्हणजे आमचा निवडून दिलेला गावप्रमुख, कडी पुढच्या खिळ्यावर अडकवतो. माझ्या लहानपणी साठ खिळे होते. मग कुणी अंकाराला गेले, कुणी जर्मनीला, कुणी टेकडीवरच्या कबरस्तानात. एखाद्या घराचं धुराडं थंड झालं की मुख्तार पक्कड घेऊन येतो आणि खिळा उपटतो. आता चौदा उरले आहेत. खिळा गेला की ते घर संपलं. त्यानंतर लग्नाचं बोलावणं द्यायलासुद्धा त्या दारात कुणी थांबत नाही.

शाकीरचा खिळा बेकीरनं त्याच्या मरणाचा चाळिसावा दिवस झाल्यावर दुसऱ्याच दिवशी उपटला. शाकीर येतेरचा नवरा आणि बेकीर त्याचा चुलतभाऊ, आमचा मुख्तार. मी तिथेच चहा पीत होतो. “मुलगा नाही, दोन्ही पोरी कायसेरीला दिलेल्या. पाहुण्यासमोर बसणार कोण?” बेकीरनं विचारलं. बायका रांधतात, पुरुष परात आणतात आणि घरचा पुरुष पाहुण्याच्या समोर बसून त्याच्याबरोबर जेवतो, ही आमची रीत. पुरुष बसलेले असताना बाई बैठकीचा उंबरा ओलांडत नाही. “तिच्या डोक्याचा ताप कमी होईल,” बेकीर म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या आणि त्यात माझीही होती. हे मी लपवत नाही, कारण लपवून उपयोग नाही, येतेर ते गावभर सांगत फिरली.

आता ही येतेर कोण, तर आईबापांची चौथी मुलगी. बापानं वैतागून नाव ठेवलं येतेर, म्हणजे ‘पुरे’. “बापाला पुरे झालं होतं,” ती सांगायची, “मला अजून झालेलं नाही.” शाकीर तिच्यापेक्षा मवाळ माणूस. एके वर्षी गवताच्या गाडीवरून पाठीवर पडला तो पुन्हा उठला नाही, नऊ वर्षं खाटेवर होता. ती पहिला हंगाम आम्ही मदत करू म्हणून थांबली. आम्ही करू करू म्हणत राहिलो. मग एक दिवस बावन्न वर्षांची ही बाई शाकीरच्या ट्रॅक्टरवर चढली. पहिल्याच दिवशी होजाच्या अंगणाची भिंत पाडली. संध्याकाळपर्यंत स्वतः दगड रचून ती भिंत पुन्हा उभी केली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिची नांगरट आमच्यापेक्षा सरळ. होजा आमचा इमाम, मशिदीत सगळ्यांना शहाणपण शिकवतो, पण ती भिंत पूर्वीपेक्षा पक्की झाली हे त्यानं कधी तोंडानं कबूल केलं नाही.

त्या नऊ वर्षांत तिच्या घराचा मान एकदाही चुकला नव्हता. ती रांधायची, मी परात न्यायचो, पाहुण्यासमोरची जागा रिकामी राहायची, शाकीर खाटेवर पडून विचारायचा, “पाहुण्यानं पोटभर खाल्लं ना?” आणि मग मे महिन्यात मेंढ्यांना टोचायला जनावरांचा डॉक्टर आला, मान तिचा होता, पण कडी तिला टाळून थेट आमच्या खिळ्यावर आली. आमचं घर तिच्या शेजारचं. म्हणून ती त्या सकाळी माझ्या दारात उभी होती.

त्याच दिवशी दुपारी ती हातोडी घेऊन बैठकीत गेली. आत कुणी नव्हतं. तिनं तिच्या जागी नवा खिळा ठोकला. बेकीरनं तो उपटला. तिनं दुसरा, जरा लांब ठोकला. बेकीरनं तोही उपटला. तिसऱ्या वेळी तिनं नांगराचा बोटभर जाड खिळा आणला आणि असा ठोकला की फळी भेदून भिंतीत गेला. बेकीर पक्कड लावून लोंबकळला, पक्कड निसटली, तो मागच्या शेगडीवर आपटला. मी हसलो नाही. म्हणजे बाहेर येईपर्यंत हसलो नाही.

शेवटी भर चौकात, पाण्याच्या नळापाशी, दोघांची गाठ पडली.

“वहिनी, हट्ट सोड,” बेकीर म्हणाला. “राहू दे तुझा खिळा. पण कडी माझ्या हातात आहे. पाहुण्यापुढं पुरुष बसायला हवा.”

“नऊ वर्षं कोण बसला होता?”

“शाकीर होता ना घरात.”

“घरात होता. कूस बदलायलाही मी लागायची. तो चालला, आणि मी चालत नाही?”

बेकीर गडबडला. मग समजूत काढल्यासारखा म्हणाला, “असं करू. तू रांध, तुझ्या नावानं मी बसतो.”

“म्हणजे जेवण माझं आणि मिशा तुझ्या?” येतेरनं घागर उचलली. “बेकीर, तुझं नाक मी पुसलंय. तुझ्या ओठावर केस आले म्हणून मी घराबाहेर नाही व्हायची. माझ्या धुराड्यातून धूर निघतोय ना? बघ वर. निघतोय की नाही?”

नळावरच्या बायकांनी वर बघितलं, मीही बघितलं. निघत होता.

मला तेव्हा तिचा राग आला होता, खरं सांगतो. एका परातीसाठी एवढा तमाशा? लोक परात टाळायला बघतात, कोंबडी कापावी लागते, पोळ्या लाटाव्या लागतात. हिला फुकटची सुटका मिळत होती. हे मी गुलिझारला बोललो. ती म्हणाली, “तुला कुणी उद्या सांगितलं की दुरसून, दमतोस फार, उद्यापासून तू नाहीस असं समजू, तर?” मी म्हणालो, हे वेगळं.

उन्हाळाभर पाहुणे येत राहिले. कापणीयंत्रवाले आले, चण्याचा व्यापारी आला, रस्ता चुकलेलं एक जोडपं आलं. कडी फिरत राहिली. प्रत्येक पाहुणा गेला की येतेर बैठकीच्या खिडकीतून डोकावून कडी कुठवर आली ते बघून जायची.

ऑक्टोबरात, गव्हाच्या पेरणीच्या दिवसांत, मातेय आला. चेक देशाचा, काटकुळा, पाठीवर स्वतःएवढं ओझं, पायी निघालेला. मी त्याला घाटात गाडीत घेत होतो तर तो छातीवर हात ठेवून नको म्हणाला. त्याच्या आधी मी गावात पोचलो आणि बैठकीत सांगितलं, पाहुणा येतोय. बेकीरनं फळीकडे पाहिलं. कडी येतेरच्या अलीकडच्या खिळ्यावर होती आणि त्या घरचा पाहुणा आदल्याच आठवड्यात जेवून गेला होता, तरी बेकीरनं ती पुढे सरकवली नव्हती. बेकीर घसा खाकरून म्हणाला, “आज माझ्या घरून परात येईल. मुख्तार म्हणून.” त्यानं बायकोला फोन केला.

पण मातेय गावात शिरला तो येतेरच्या शेतातूनच. ती ट्रॅक्टरवर पेरत होती. त्यानं हातानं खूण करून वाट विचारली आणि तिनं दाखवली. तेवढंच. पेरणी अर्ध्यावर टाकून ती घरी गेली.

संध्याकाळी बैठकीत आम्ही सहाजण होतो. पाहुणा भिंतीशी, मऊ गादीवर. होजा त्याला मोडक्यातोडक्या खुणांनी त्याच्या देशातल्या पावसाबद्दल विचारत होता. तेवढ्यात दार पायानं ढकललं गेलं आणि येतेर आत आली. दोन्ही हातांवर मोठी तांब्याची परात, त्यावर वाफाळता दलिया, आख्खी कोंबडी, लोणचं, ताकाचं भांडं आणि फडक्यात गुंडाळलेल्या पातळ पोळ्या. तिनं परात घडवंचीवर ठेवली आणि पाहुण्याच्या समोर, बरोब्बर घरधन्याच्या जागी, मांडी घालून बसली.

होजा छताकडे बघू लागला. बेकीर अर्धवट उठला. “वहिनी, ही पुरुषांची बैठक आहे.”

“पाहुण्यांची आहे,” ती म्हणाली. “पुरुष नुसते बसलेत.”

आणि बोलता बोलता तिनं पोळी मोडली. पहिला तुकडा पाहुण्याला. दुसरा होजाला, तिसरा मला, आणि चौथा बेकीरच्या उघड्या हातात कोंबला. आमच्याकडे पोळीचा तुकडा जमिनीवर पडला तर उचलून त्याचा मुका घेतात आणि कपाळाला लावतात. यजमानानं हातात दिलेला तुकडा घेऊन उठून जायची छाती कुणाची? आणि खाली ठेवायचा म्हणावं, तर तेही पाप. बेकीर तसाच अर्धा उभा राहिला, हातात पोळी घेऊन. त्याचे कान लाल झाले होते.

“बस रे,” येतेर म्हणाली. “पोळी मोडली आहे. आता या खोलीतले सगळे माझे पाहुणे. तूसुद्धा.”

बेकीर बसला.

मातेयला बिचाऱ्याला काही कळत नव्हतं. त्यानं चार घास खाल्ले, मग रीत म्हणून कुठंतरी शिकलेलं वाक्य जुळवत विचारलं, “घर... मालक... कोण?” आणि त्यानं बेकीरच्या मिशांकडे बघितलं.

मी तोंड उघडायला हवं होतं. नऊ वर्षं तिची परात मी वाहिली होती, मला माहीत होतं. पण माझ्या तोंडात घास होता आणि मी तो मुद्दाम चावत राहिलो. त्याची लाज मला अजून वाटते.

“मी,” येतेर म्हणाली. “येतेर. वरच्या आळीतलं निळ्या दाराचं घर. माझं.”

मातेयनं हातातला घास संपवला, छातीवर हात ठेवला आणि तिच्यापुढे मान झुकवली. “तुमचे हात सुखी राहोत,” तो म्हणाला, आणि रांधणाऱ्याला म्हणायचं ते वाक्य त्यानं अगदी बिनचूक म्हटलं.

तेवढ्यात बेकीरचा फोन वाजला. त्याची बायको एवढ्या मोठ्यानं बोलते की फोन नसता तरी ऐकू आलं असतं. “अहो, परात न्यायला येताय ना? निवायला लागलं सगळं!”

“सांग तिला,” येतेर म्हणाली, “आज तू जेवून येणार आहेस.”

पहिला हसला तो होजा. मग कुणालाच आवरेना. बेकीरनं फोन बंद केला, कोंबडीची तंगडी उचलली आणि खाली मान घालून खाऊ लागला. चांगली झाली होती कोंबडी, म्हणून त्यानं दुसऱ्यांदाही घेतली.

निघताना तो दारात थांबला. आब राखायचा प्रयत्न करत म्हणाला, “ठीक आहे वहिनी. एवढ्या वेळेपुरतं झालं ते झालं.”

“एवढ्या वेळेपुरतं नाही,” येतेर परात कमरेवर घेत म्हणाली. “तेरा घरं फिरून मान परत येईल, तेव्हा मी येईन. त्याच्या पुढच्या वेळीही येईन. ज्या दिवशी माझं धुराडं थंड होईल त्या दिवशी पक्कड घेऊन ये, मी तोंडातून अक्षर काढणार नाही. त्याच्या आधी आलास तर हातोडी माझ्याकडे आहे.” आणि पेरणी अर्धी राहिली आहे, पहाटे उठायचंय, असं पुटपुटत ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मातेय गेला. बेकीरनं कुणाकडे न बघता कडी आधी तिच्या खिळ्यावर अडकवली, मग तिथून काढली आणि पुढच्यावर टाकली.

मी हा सगळा किस्सा घरी रंगवून सांगितला. बेकीरचे कान, होजाचं छताकडे बघणं, फोन. गुलिझार पोळ्यांचं पीठ मळत ऐकत होती. ती एकदाही हसली नाही.

“परात समोर ठेवल्यावर पाहुणा काय करतो?” तिनं विचारलं.

“काय करणार? खातो.”

“आधी काय खातो? लोणच्याला हात लावतो का? तोंडावर काय दिसतं?” तिचे हात थांबले होते. “पस्तीस वर्षं परात भरतेय मी. एका पाहुण्याचं तोंड बघितलेलं नाही.”

ती पुन्हा पीठ मळू लागली.

“आता पुढचा मान कुणाचा?” तिनं विचारलं.

तिला माहीत होतं कुणाचा. कडी आमच्या खिळ्यावर होती.

अकरा दिवसांनी विजेच्या तारा तपासायला एक माणूस आला. गुलिझारनं नवा रुमाल बांधला, परात भरली आणि माझ्या हातात दिली.

“तू धर, जड आहे,” ती म्हणाली. “मी पुढे होते.”