क्लचवरचा पाय

"साहेब, तुम्हीच सांगितलेलं ना, पोलिसाला चावी काढायचा अधिकार नाय म्हणून?"

सकाळचे साडेआठ वाजले होते. मी बोरिवलीला घरी, पुढ्यात पोह्यांची बशी. फोनवर हरेश होता. वर्सोव्याचा कोळी, स्वतःचा छोटा टेम्पो चालवतो. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता, की आधी मी ओळखलाच नाही.

"सांगितलेलं. मग?"

"मग मी तिचा हात ढकलला, काच वर केली, दरवाजा लॉक केला. आता ती ट्रॅफिकवाली मॅडम गाडीच्या समोर उभी राहिलीय. हलत नाय."

मी बत्तीस वर्षं ट्रॅफिक पोलिसात काढली. शिपाई म्हणून लागलो, सब-इन्स्पेक्टर होऊन रिटायर झालो. आता ड्रायव्हर लोकांना त्यांचे हक्क समजावून सांगतो. आठवड्यापूर्वीच वर्सोव्याला मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये बोललो होतो. प्रश्न नेहमीचेच. मोबाईलमधलं लायसन्स चालतं का? सरकारी ॲपमधलं चालतं, नुसता फोटो चालत नाही. लायसन्स ठेवून घेता येतं का? कारण असेल तर येतं, पण पावती द्यावी लागते. गाडी अडकवून ठेवता येते का? तेही रीतसर कागद करून. आणि चावी? तिथे मी छाती काढून म्हणालो, "चावी खेचून घ्यायचा अधिकार कुठल्याही कायद्यात लिहिलेला नाही." टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माणूस पुढचं सांगायचं विसरतो, तसा मी विसरलो.

मी स्वतः नोकरीत ढिगाने चाव्या काढल्या आहेत, हे मात्र सोयीस्करपणे गाळलं. खोटं कशाला बोलू, भीतीने काढायचो. एकदा जोगेश्वरीला एका टॅक्सीवाल्याने मला बॉनेटवर घेऊन गाडी पळवली होती. तेव्हापासून गाडी थांबवली की माझा हात आधी चावीकडे जायचा.

"कुठे आहेस?"

"अंधेरीच्या पुलावर. उतारावर."

"इंजिन?"

"चालू."

"गिअर?"

"फर्स्ट. मी बाजूला घ्यायला गाडी जरा पुढे घेतली, तर ती धावत समोर आली. तिला वाटलं मी पळतोय. क्लच दाबून धरलाय, दुसरा पाय ब्रेकवर."

ज्यांना गाडी येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्लच म्हणजे डाव्या पायाखालचं पेडल. ते दाबलेलं आहे तोवर इंजिनचा जोर चाकांपर्यंत पोचत नाही. पाय सुटला की गाडी पुढे उसळते. त्यात उतार असेल तर ब्रेक जरासा सैल पडला तरी पुरे.

"साहेब, पाय लटलट कापतोय."

"मागे माल काय आहे?"

त्याने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "मागे आई आहे. आणि चार जणी."

आता कळलं. मालाच्या टेम्पोत माणसं बसवायची नसतात. सापडला तर लायसन्स तीन महिन्यांसाठी सस्पेंड होतं. हे हरेशलाही ठाऊक होतं. पण कोळणींना कोण सांगणार? टेम्पो पुढे पाठवायचा आणि आपण रिक्षाने यायचं, हे त्यांच्या डोक्यात बसतच नाही. म्हावरं आपलं, तर नजरही आपलीच. म्हणून मासळीच्या टपांच्या मध्ये, ओल्या पाटावर, पाचही जणी बसलेल्या. हरेश कायद्यापायी काच लावून बसला नव्हता. तीन महिने गाडी बंद म्हणजे घर बंद, त्या भीतीने बसला होता. माझा कायदा त्याला आडोशाला मिळाला, एवढंच.

तेवढ्यात फोनमधून धडाधड आवाज यायला लागले. मागून केबिनच्या पत्र्यावर थापा पडत होत्या.

"हरेश, चल रं! काय करते ती बगू!" ही त्याची आई, हिराबाई. हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसली होती, सगळ्यात जोरात टाळ्या हिच्याच.

माझी मालवणची बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "तुमका घाम कित्याक इलो?" मी तिला हातानेच गप्प केलं. मी घाबरलो होतो. नोकरीत असताना घाबरायचो तेव्हा निदान जागेवर तरी असायचो. इथे बोरिवलीत बसून मला दिसत काहीच नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं.

"हरेश, आईचं ऐकू नकोस. माझं ऐक. फोन स्पीकरवर टाक आणि सीटवर ठेव. मॅडमकडे बघू नकोस. उजवा पाय ब्रेकवर दाब, पूर्ण. दाबलास?"

"हो."

"आता गिअर न्यूट्रल. मग हँडब्रेक. मग इंजिन बंद."

"बंद केलं तर दार उघडायला लावून ती चावी काढेल!"

"काढू दे."

"पण तुम्हीच..."

"मी गेलो खड्ड्यात! ती बाई जिवंत राहिली तर तुझ्या हक्काचं बघू. गिअर काढ!"

गिअरची खडखड ऐकू आली. मग इंजिन एकदम घुमलं आणि एक किंकाळी आली. बाईची. मला ती आत्ताही ऐकू येते. त्यानंतर काहीच नाही. पत्र्यावरच्या थापाही थांबल्या.

"हरेश? हरेश!"

मी उभा राहिलो होतो. पोह्यांची बशी कधी खाली पडली ते कळलं नाही.

"साहेब..." तो रडत होता. "ब्रेकवरचा पाय सरकला, रेसवर पडला. ओढला हँडब्रेक. गाडी वीतभर पुढे गेली. लागलं नाय तिला. लागलं नाय."

मी खाली बसलो. त्याला म्हटलं, चावी काढ, दोन्ही हात दिसतील असा खाली उतर, चावी मॅडमच्या हातात दे आणि फोनही दे.

फोनवर मॅडमचा श्वास ऐकू येत होता. मी माझं नाव, जुनी पोस्टिंग सांगितली. विचारलं, "बाजूला का नाही झालात?"

"सर, मी अडवायला नव्हते थांबले," ती म्हणाली. "मला हलताच येत नव्हतं."

तेवढ्यात तिचे साहेब आले. फोन तिच्या हातात चालूच राहिला होता. तिकडे हिराबाई खाली उतरून कोणाला तरी सुनावत होती, मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते. त्यातून साहेबांचा प्रश्न मला स्वच्छ ऐकू आला.

"अंगावर गाडी घातली का याने?"

या प्रश्नाला ती नुसतं 'हो' म्हणाली असती, तर सरकारी कामात अडथळा आणि त्याहून जड कलमं लागून हरेश आत गेला असता. तिला 'हो' म्हणायचा अधिकारही होता. मी देवाचं नाव घेत होतो, जे मी फारसं घेत नाही.

"नाही सर," ती म्हणाली. "आधी मी चावी खेचायला हात घातला. मग मी समोर गेले. तो घाबरला होता."

मागे माणसं बसवल्याचं चलान झालं. लायसन्स पावती देऊन जमा झालं, पुढे तीन महिने सस्पेंड. ते बरोबरच होतं, मी त्यात पडलो नाही. संध्याकाळी वर्सोव्याला जाऊन आलो. हरेश ओट्यावर मांडी घालून बसला होता आणि डावी पोटरी दाबत होता. हिराबाईने मला चहा दिला, पण बस म्हणाली नाही.

"तुज्या कायद्यानं आज माजा पोर जेलात गेला असता," ती म्हणाली.

मी उभ्यानेच चहा प्यायलो.

आता मी हॉलमध्ये सुरुवात चावीने करत नाही. पहिली पंधरा मिनिटं एकच शिकवतो: थांबवलं की न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन बंद, हात स्टिअरिंगवर. हक्क त्यानंतर. या भागाला कुणी टाळ्या वाजवत नाही. काही जण तर तेवढ्यात चहा प्यायला बाहेर जातात. मी दाराशी उभा राहून त्यांना परत आत बसवतो.