देवीपुढे वाकताना

त्या दिवसांत माझा कोणावरच विश्वास उरला नव्हता. कंबर इतकी दुखायची की तान्ह्या लेकीला उचलायची भीती वाटे. पण खाली वाकले की गुडघे न दुमडता माझे तळहात सहज जमिनीला टेकत. त्यामुळे घरात कुणाला माझं दुखणं खरंच वाटेना. "दुखतंय म्हणतेस नि वाकतेस तर वेतासारखी!" सासूबाई म्हणायच्या. यजमान मुंबईला नोकरीला. फोनवर त्यांचाही सूर तसाच येऊ लागला, तेव्हा त्यांचे कान कोणी भरले असतील, हे मी मनाशी ठरवून टाकलं. एक्स-रे साफ आला नि मग मलाच माझी शंका येऊ लागली. देवीलाही विचारायचे, तू तरी ऐकतेस, की तूही त्यांच्यातलीच?

एका शुक्रवारी आम्ही सासू-सुना लांज्याला देवीची ओटी भरायला गेलो. ओटी ठेवायला वाकले आणि कमरेत अशी उसण भरली की वर येता येईना. तेवढ्यात मागून कुणीतरी मला आधार दिला. "झटका देऊ नकोस. गुडघे वाकव, हात मांड्यांवर ठेव. आता हळू." मी वर आले. पन्नाशीची बाई, खांद्याला पिशवी, ओळख ना पाळख. मला निरखून म्हणाली, "तुझा अंगठा वाकवून मनगटाला टेकतो का, बघू."

माझ्या अंगावर काटा आला. सासूबाईंनी मला मागे ओढलं. "चल गो. कोण काय करणी करील, सांगता येत नाय." त्या दिवसांत आम्हा दोघींचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर.

बाईंनी स्वतःचा अंगठा मनगटाला टेकवून दाखवला. "माझेही सांधे जन्मापासून सैल. मी दवाखान्यात व्यायाम शिकवते. अशा सैल सांध्यांच्या काही जणांचे पाठीचे स्नायू वाकताना लवकर ढिले पडतात आणि सगळा भार सांध्यांवर येतो. बघणाऱ्याला वाटतं, काय लवचीक अंग! दुखणं कुणाला दिसत नाही."

आता पिशवीतून विकायला तेलाची बाटली काढतील, म्हणून मी वाट पाहत राहिले. त्यांनी काहीच काढलं नाही. गाडी चुकली म्हणून दर्शनाला आले, म्हणाल्या. रत्नागिरीत हाडांच्या डॉक्टरांना सांधे दाखव, एवढं बजावून निघून गेल्या.

डॉक्टरांकडे गेले तेही त्या बाईंना खोटं पाडायलाच. डॉक्टरांनी बोटं, कोपरं, गुडघे तपासले आणि तेच सांगितलं. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. बाहेर आल्यावर हळूच म्हणाल्या, "माझी थोरली बहीण अशीच होती गो. आम्ही तिला ढोंगी म्हणायचो." आणि माझ्या हातातली पिशवी त्यांनी आपल्याकडे घेतली.

व्यायामाने हळूहळू कंबर सावरली. लेकीला आता गुडघ्यात बसून, छातीशी धरून उचलते. शरण जायचं म्हणजे अंग सोडून द्यायचं, असं मला वाटे. आता कळतं, कुणी आधाराला हात दिला तर तो धरणं हीसुद्धा शरणागतीच, आणि मला तीच अवघड गेली.

त्या बाईंना देवीने पाठवलं की चुकलेल्या गाडीने, मला ठाऊक नाही. संशयी स्वभाव अजून पुरता गेलेला नाही. पण हात जोडते तेव्हा देवीला नि त्या बाईंना, दोघींनाही जोडते.