दादांचा लोखंडी गज

हे लिहायला बसलो खरा, पण मनातून संकोच जात नाही. असे अनुभव लिहावेत ते ज्यांची काही साधना झाली आहे त्यांनी. मी अजून इंटरच्या वर्गात शिकतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढलेलं नाही, आणि माझी रोजची पूजा आतापर्यंत म्हणजे आईला दिलेला शब्द मोडू नये म्हणून केलेली. वडीलधाऱ्या वाचकांनी माझं हे धाडस पोटात घालावं. आई म्हणाली, "देवानं दिलेलं झाकून ठिवू न्हाई. लिही, अन् मला वाचून दाखव." म्हणून लिहितो.

आमचं गाव सेलूपासून जवळ. माझे वडील, ज्यांना मी दादा म्हणत असे, कापडाचा फिरता धंदा करायचे. खांद्यावर गाठोडं आणि हातात कापड मोजायचा लोखंडी गज घेऊन ते मानवत, सोनपेठ असे आठवडी बाजार करत हिंडायचे. त्या गजाच्या एका टोकाला पितळेचं कडं बसवलेलं होतं. लहानपणी ते कडं फिरवत मी त्यांच्या मांडीवर झोपून जायचो, एवढीच त्यांची मला स्पष्ट आठवण आहे. बाजाराहून परतायला त्यांना अंधार व्हायचा, म्हणून आई दारात दिवा लावून ठेवायची. एका साली गंगेकाठच्या (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात) गावांत पटकीची साथ आली. दादा बाजाराला गेले होते ते परतलेच नाहीत. मामा शोधायला गेला, पण निम्म्या वाटेवर त्याला लोकांनी माघारी वळवलं. साथ ओसरल्यावर विचारपूस झाली. कोणी पाहिलं नव्हतं, कोणाला काही ठाऊक नव्हतं.

माणूस गेला असं कळलं तर घर रडून मोकळं होतं. आमचं तसं झालं नाही. वर्ष उलटलं तशी गावात कुजबुज सुरू झाली की दादांनी मुलूख सोडला, दुसरीकडे घर केलं. आई कुंकू लावून बाहेर पडली की बायका तिच्या कपाळाकडे बघायच्या, आणि लावलं नसतं तरीही बघितलंच असतं. ती मात्र रोज संध्याकाळी दारात दिवा ठेवत राहिली. माझे धाकटे चुलते आप्पा त्यावरून तिला टोचून बोलायचे, "येनाऱ्याला वाट दिसावी म्हनून दिवा लावत्यात वैनी. तुमी तेल कुनासाठी जाळायलाव?" आई नुसती वात वर करायची.

आमच्या भाऊबंदांत अशी रीत आहे की परागंदा माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग त्याचं पागोटं पुरून समाधी बांधायची आणि तो गेला असं धरायचं. गेल्या वर्षी ती मुदत भरत आली. आप्पांनी आमच्या मठातल्या स्वामींना विचारून ठेवलं आणि पागोटं मागायला आले. आईनं ते पेटीतून काढलं, मांडीवर ठेवलं आणि दिलं नाही. आप्पा गेल्यावर मला म्हणाली, "गेले असतील तर गेले म्हनून सांग, मी सोसीन. पन सोडून गेले, का आपल्याकडंच यायले होते, एवढं मला कळू दे. ते कळल्याबिगर पागोटं मातीत कसं घालू?"

सुटीत औरंगाबादहून आलो होतो, आणि हे ऐकून स्वस्थ बसवेना. थोरामोठ्यांच्या निधनाच्या बातम्या मी कॉलेजात वर्तमानपत्रांत वाचल्या होत्या, पण खांद्यावर गाठोडं घेऊन हिंडणाऱ्याची बातमी कोण छापणार? मात्र प्रत्येक गावचा पटेल, म्हणजे पाटील, गावातले मृत्यू लिहून तहसिलीत पाठवतो, हे मला एका सोबत्याकडून कळलं होतं. आमच्या मुलखात सरकारी कारभार उर्दूत, म्हणून ते कागदही उर्दूत असतात आणि उर्दू मला येतं. मी निघालो. निघताना आईनं बजावलं, "कुठंबी अस, पूजा झाल्याबिगर पानी पिऊ नको."

कचेरीतल्या कारकुनानं माझी अर्जी वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कॉलेजात आता मेलेल्यांची हजेरी घ्यायला शिकवत्यात का?" असं म्हणाला खरा, पण माणूस मनाचा मऊ होता. त्या सालचे कागदांचे बस्ते त्यानं स्वतः झटकून काढून दिले आणि शेजारी बसून पानं उलटली. साथीचं साल, त्यामुळे ओळीमागून ओळी. किती घरांची नावं एकाखाली एक आली होती. दादांचं नाव कुठंच नव्हतं. बेवारस वाटसरूंच्या नोंदी आल्या की मी थांबायचो. पुढं "दफन" असं दिसलं की कारकून म्हणायचा, "ही मुसलमानाची मयत, आपल्याला नको. चला पुढं." मीही पुढे जायचो.

दोघांनाही त्यात काही खटकलं नाही. आणि आम्ही वीरशैव. गळ्यात शिवलिंग बांधतो, डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करतो, आणि मेल्यावर आमच्यात जाळत नाहीत. तेच लिंग तळहातावर ठेवून माणसाला बसवून पुरतात. हे मला जन्मापासून ठाऊक, तरी कारकुनाच्या बोटामागे माझे डोळे नुसते सरकत राहिले.

कचेरीत काही हाती लागलं नाही, म्हणून सोनपेठच्या बाजारात जुन्या कापडवाल्यांना विचारलं. एकानं फार तर एवढं सांगितलं की तो लिंगायत वाणी लय प्रामाणिक होता, गज कधी आखूड धरला न्हाई. ते ऐकून आनंद झाला आणि वाईटही वाटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मानवतकडे निघालेल्या एका बैलगाडीत जागा मिळाली. गाडीत बसल्या बसल्या मनात फार कडू विचार येत होते. ज्या लिंगाला आई रोज हात जोडते त्याला तिचं एवढं साधं विचारणंही ऐकू येत नसेल, तर मी ते गळ्यात कशाला वागवतो? शेवटी मनातल्या मनात म्हणालो, आता माझ्याच्यानं होत नाही, तुझं तू बघ. त्यात भक्ती नव्हती, थकवा होता. पण म्हणालो खरा.

गंगेच्या जवळच्या एका गावाबाहेर गाडीचा आख मोडला. गाडीवान कपाळाला हात लावून म्हणाला, "मालक, तुमचा पाय लय जड हाय बरं का! रोज ज्वारीची पोती वाहतो मी, तवा न्हाई मोडला," आणि सुताराला शोधायला गेला. ऊन चढलं होतं, घसा कोरडा पडला होता. मी पहिल्याच घराच्या ओसरीवर गेलो. तिशीतली एक बाई ज्वारी पाखडत होती. तिनं तांब्या पुढे केला. मी म्हणालो, "पाणी पिण्याआधी पूजा करायची असते आमच्यात. इथं बसू का?"

"बसा की भाऊ. देवाचंच काम हाय," असं म्हणून ती पुन्हा सूप हालवायला लागली.

मी आडावर हातपाय धुतले, अंगावर दोन तांबे घेतले, कपाळाला भस्म लावलं आणि गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं. मन थाऱ्यावर नव्हतं. नुसतं पाहत बसलो. थोड्या वेळानं सुपाचा आवाज थांबला आहे असं जाणवलं. वर पाहिलं तर ती बाई माझ्या हाताकडे एकटक बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"असंच बसले होते ते," ती म्हणाली. "ह्याच हातावर घेऊन. आमच्या गोठ्यात."

तिनं जे सांगितलं ते तिच्या शब्दांत मला लिहिता येणार नाही, थोडक्यात लिहितो. साथीच्या साली ती नवी सून होती. एक कापडवाला वाटेतच आजारी पडून त्यांच्या दारी आला. गाव घाबरलेलं होतं, तरी तिच्या सासऱ्यानं त्याला गोठ्यात जागा दिली. पाणी पाजायचं काम तिच्याकडे होतं. त्यानं नाव सांगितलं तेव्हा ती पदर ओढून लांब उभी होती, ऐकू आलं नाही. मरताना त्यानं हात जोडून एवढं मागितलं की मला जाळू नका, बसवून पुरा. त्या गावात आमच्यातलं एकही घर नाही. कसं पुरायचं कोणाला ठाऊक नव्हतं आणि मयतीला हात लावायलाही कोणी धजेना. तेव्हा गावात कबरी खणणारे चाँदभाई पुढे आले. "ज्याला मातीत ठेवायचं त्यो माझ्या वाटनीचा," असं म्हणून त्यांनी ते सगळं एकट्यानं केलं, त्यांच्या कबरस्तानाच्या कडेला.

ती मला तिथे घेऊन गेली. लिंबाच्या झाडाखाली एक गोल ओटा होता, नुकताच सारवलेला. त्याच्या कडेला लोखंडी गज रोवलेला होता. गंजून काळा झाला होता, पण वरच्या टोकाचं पितळेचं कडं तसंच होतं. मी ते हातात धरलं. ते अजून फिरत होतं.

चाँदभाई त्या दिवशी लेकीकडे गेले होते, त्यांची भेट झाली नाही. त्या बाईनं, जिला मी आता अक्का म्हणतो, सांगितलं की शबे-बारातीला चाँदभाई सगळ्या कबरींवर दिवे लावतात तेव्हा या ओट्यावरही एक लावतात, आणि महाशिवरात्रीला ती त्यांच्या हाती बेल देते. बारा वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. आमच्या घरी कोणी दादांचं नाव काढायला धजत नव्हतं, त्या सगळ्या काळात दोन परकी माणसं त्यांची शिवरात्र करत होती.

परतीच्या वाटेवर मी पुन्हा कचेरीत गेलो. त्या गावच्या पानावर ती ओळ होती: नामालूम मुसाफिर, मुसलमान, दफन. कबरस्तानात पुरला म्हणून पटेलानं तसं लिहिलं. चष्मा काढून कारकून एवढंच म्हणाला, "ह्याच पानावर आपन दोघंबी बसलो होतो की हो." मला कोणाचाही राग आला नाही. त्या ओळीवर हात ठेवून मी नमस्कार केला. मी डोळे उघडे ठेवून जे पाहू शकलो नाही, ते एका मोडक्या आखानं आणि एका तांब्याभर पाण्यानं दाखवलं. हा चमत्कार होता की नुसता योग, ते मला ठरवता येत नाही, आणि ठरवावं असं आता वाटतही नाही. मला एवढंच कळलं की मी शोधतो आहे असं जोवर मला वाटत होतं, तोवर माझ्या हाती काही नव्हतं. ज्या क्षणी तुझं तू बघ म्हणालो, त्याच्याही बारा वर्षं आधीपासून तो बघतच होता. त्याचे हात कधी अक्काचे होते, कधी चाँदभाईंचे. माझी पूजा आता धाकानं होत नाही.

घरी येऊन सांगितलं तेव्हा आई रडली नाही. पेटीतून पागोटं काढलं आणि म्हणाली, "मला घेऊन चल."

या वेळी चाँदभाई घरी होते. पाठीत वाकलेले, दाढी पांढरी. आईला पाहून ते उठून उभे राहिले आणि आमच्याबरोबर ओट्याशी आले. "कबर आडवी खांदायची सवय मला," ते संकोचून म्हणाले. "ह्यांच्यासाठी पैल्यांदा खोल, उभी खांदली. काई चुकलं असंल तर माफी करा, बाई." आईनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. ते घाईनं मागे सरले. मग तिनं पागोटं ओट्यावर ठेवलं, गजाच्या कड्याला हात लावला आणि जे विचारायला ती इतकी वर्षं जगली होती तेच विचारलं.

"ते कुनीकडं निघाले होते?"

चाँदभाई ओट्याशी खाली बसले. "मरायच्या आदल्या दिशी मी गोठ्यात गेलो, तवा निरोप दिला होता त्यांनी," ते म्हणाले. "सेलूकडं जानाऱ्या गाडीवानाला मी बोलवून आनलं, नाव-गाव त्यांनी त्यालाच सांगितलं. पन साथीत त्यो वाटंतच गेला. मग निरोप माझ्यापाशीच राहिला, बाई. कुनाला द्यावा ते ठाऊक नव्हतं."

"काय निरोप?"

"म्हनले, घरी सांगा, मी वाटंला लागलोय. उशीर झाला तरी दारातला दिवा इझवू नका."