प्रयागबाईंची राखुंडी

कुडपणच्या प्रयागबाई पोलादपूरला बाजाराला आल्या की माझ्याकडे घटकाभर टेकतात. त्यांचा मुलगा रितेश माझ्या वर्गात होता, तेव्हापासूनचा हा लोभ. पन्नाशी उलटलेली, बांधा ठेंगणा, चालणं भरभर, आणि दात इतके शुभ्र की त्या हसल्या की समोरच्याची नजर तिथेच जाते. भाताचं तूस जाळून, राख फडक्यातून चाळून, मीठ मिसळून त्या स्वतः राखुंडी करतात आणि वाडीतल्या बायकांना हौसेनं वाटतात.

मार्चमध्ये आल्या तेव्हा मी त्यांना माठातलं पाणी दिलं. पहिल्याच घोटाला त्यांनी गाल दाबून धरला. डोळे भरून आले.

"काय झालं हो?"

"थंड लागलं की कळ पार मस्तकात जाते, बाई. पन आता सुटनार. सोमवारी महाडला बाजारात कवळी बसवनारा येतो, त्याच्याकडनं समदे काढून घेते."

"सगळे?"

"आमच्या ठमाबाईनं नाय काढले? माजी जाऊ. तिलापन असंच व्हायचं. आता तांब्यावर तांब्या गार पानी पिते."

यजमानांना, सयाजीरावांना विचारलंत का, मी म्हणाले.

"ते म्हंतात, काढ, तेवढंच चार दिस घर शांत र्‍हाईल."

मी त्यांना खिडकीपाशी नेऊन तोंड उघडायला सांगितलं. एकही दात किडलेला नव्हता. मात्र हिरडीलगत प्रत्येक दाताला आडवी खाच पडली होती, करवत फिरवल्यासारखी.

"घासता कशा?"

"बोटानं, चांगलं दाबून. दुखायला लागल्यापास्नं जास्तच घासते. आमसुलाचं सार प्यालं तर लगेच पुन्हा."

मी चपला घातल्या आणि त्यांना मागच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टर शर्मिलाकडे नेलं. तिनं शांतपणे तपासलं.

"मावशी, दात पक्के आहेत. एकही काढायचा नाही. तुसाची राख कानशीसारखी असते. तिनं वरचं कवच घासून गेलंय, म्हणून थंड आतवर पोचतं. ती आजपासून बंद. मऊ ब्रश, हलका हात. ही पेस्ट रात्री खाचांवर बोटानं लावायची, थुंकायचं, पण चूळ भरायची नाही. आंबट खाल्लं की अर्धा तास ब्रश लावायचा नाही. महिन्या-दीड महिन्यात उतार पडेल. नाहीच पडला तर खाचा भरून देईन."

प्रयागबाई ऐकत होत्या की नाही, कळेना. तोंड मिटायचंही भान नव्हतं त्यांना.

"ठमाबाई माजीच राखुंडी लावायची," त्या हळूच म्हणाल्या. "नवी नवरी होऊन आली तवापास्नं. मीच शिकवलं, दाबून घास म्हनून."

"त्यांचे दात मी पाहिलेले नाहीत," शर्मिला म्हणाली. "राखेनंच दुखत होते, असं मी नाही सांगू शकत."

"पन काढायला नको होते."

शर्मिलानं पेस्टची नळी त्यांच्या हातात ठेवली. परतताना प्रयागबाई बाजाराची पिशवी दवाखान्यातच विसरल्या; ती घ्यायला मी मागे फिरले, तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही.

सोमवारी त्या महाडला गेल्या नाहीत. मेच्या सुरुवातीला फोन आला.

"बाई, कळ मरत आली. काल झर्‍याचं पानी प्याले."

"आणि ठमाबाईंना सांगितलंत?"



"त्याच दिवशी सांगितलं. बोलायचीच बंद झाली माज्याशी. मी समोर आले की पदर घेऊन आत जायची. मंग काल आली, पडवीत बसली, भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप पुढं ठेवलं नि म्हनते, 'आक्का, नीट जप तुजे दात. मला चावून द्यायला कोन तरी लागंल ना.'"

"मग?"

"मंग काय बाई. शेंगदानं कुटून दिलं तिला. आता रोज देते."